उंदरांचा सांगावा

कुर्डुवाडीच्या स्टेशनावर उंदीर उतरवून घ्यायला मी गेलो तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी फार खुशीत होतो. १९५५ सालचा मार्च होता. आमचं परंडा तेव्हा हैदराबाद राज्यात होतं आणि मी, उत्तरेश्वर, सरकारी प्रयोगशाळेत नवा नवा मदतनीस लागलो होतो. हैदराबादेहून पांढऱ्या उंदरांच्या चार पेट्या आल्या होत्या. बसच्या कंडक्टरनं त्या टपावर टाकायला सांगितल्या. उन्हानं ते वाटेतच मेले असते, म्हणून दोन पेट्या मी मांडीवर घेतल्या आणि दोन पायांशी ठेवल्या. शेजारचा म्हातारा परंड्यापर्यंत अंग चोरून बसला होता. उतरताना म्हणाला, "सरकारला घरचे उंदीर कमी पडले व्हय?"

मी हसलो. रस्ताभर हसतच घरी आलो म्हणा ना. नोकरी पक्की झाली होती, घरात मथुरा होती, आठ वर्षांची तुळजा होती, आणि माणसाला आणखी काय लागतं असं मला वाटत होतं.

प्रयोगशाळा म्हणजे किल्ल्याच्या खंदकाजवळचं करोडगिरीचं जुनं नाकं. निजामाच्या वेळी तिथं मालावर जकात घेत. ती जकात गेली आणि इमारत रिकामी पडली. तालुक्यात दर उन्हाळ्यात विषमज्वराचे रोगी निघत, म्हणून विहिरींचं पाणी आणि रोग्यांचं रक्त तपासायला सरकारनं तिथं दोन खोल्या दिल्या. पुढच्या खोलीत डॉक्टरसाहेबांचं टेबल, सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवायच्या काचेच्या बशा. मागच्या खोलीत उंदीर. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही उंच, छपराला लागून. भुशाचा, मुताचा आणि फिनेलचा असा मिळून एक वास तिथं कायम असे. पहिले आठ दिवस तो मला जेवतानाही यायचा.

डॉक्टर फकरुद्दीन हैदराबादचे. चाळिशीचे, अंगानं बारीक, बोलणं सावकाश. मराठी त्यांनी आमच्याकडंच शिकली आणि ती शेवटपर्यंत उर्दूला टेकूनच चालली. पाणी आणि रक्त तपासणं हे सरकारचं काम, उंदीर मात्र त्यांचे स्वतःचे. त्यांना एकच प्रश्न छळायचा. जंतू शिरतो पोटात, पण तासाभरात सगळं अंग तापतं, अंगावरचे केस उभे राहतात, भूक मरते. म्हणजे पोटात चोर शिरला ही खबर डोक्यापासून शेपटापर्यंत पोचते. ती कोण नेतं?

"आमच्याकडं याला पैगाम म्हणतात," ते एकदा धुरपदाबाईला म्हणाले. "तुमच्यात काय म्हणतात?"

धुरपदाबाई पिंजरे झाडायला होती. पन्नाशीची विधवा बाई, कामाला वाघीण. ती म्हणाली, "सांगावा म्हनत्यात, सायेब. माहेरी कुनी आजारी पडलं की मानूस सांगावा घेऊन येतंय न्हाय का."

साहेबांना शब्द आवडला. तेव्हापासून आमच्या वहीत सुद्धा सांगावाच लिहिला जाऊ लागला.

काम असं चालायचं. एका रांगेतल्या उंदरांना साहेब उकळून मारलेले जंतू टोचत. मेलेला जंतू इजा करत नाही, पण अंगाला सांगावा पोचवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जिवंत जंतू टोचायचे. सांगावा मिळालेले उंदीर दोन दिवस केस फुलवून कोपऱ्यात बसत आणि मग उठून खायला लागत. दुसऱ्या रांगेला आधी नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं असे. तिला आम्ही कोरी रांग म्हणत असू. कोऱ्या रांगेतले उंदीर पाचव्या-सहाव्या दिवशी मरत, आणि ते मेलेच पाहिजेत. ते जगले तर जंतूत जोर होता की नव्हता हेच कळत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मार्चमधे कोरी रांग अगदी वेळेवर मेली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

एप्रिलपासून उंदरांना पाणी ठेवायचं काम मी धुरपदाबाईकडून काढून स्वतःकडं घेतलं. ती बाटल्या नीट विसळत नाही असं माझं मत होतं. मला माझ्या स्वच्छ कामाचा गर्व होता, आता सांगायला लाज वाटते.

त्याच महिन्यात गावात ताप सुरू झाला. साहेबांनी मला लाल औषधाची बाटली दिली. घरोघर जायचं, रांजणात चिमूटभर टाकायचं, ढवळायचं, पाणी गुलाबी झालं की पुढच्या घरी. ढवळायला सरकारी पितळी पळी होती. पहिल्या चार दिवसांत एका घरी माणूस गेलेलं होतं आणि पळी त्या घरात जाऊन आली होती. झालं, गावात बोभाटा झाला. ज्या पळीनं मेलेल्या घरचं पाणी हलवलं ती आमच्या रांजणात नको, असं घरोघर ऐकायला मिळू लागलं. मी पळी उकळून दाखवली, उपयोग शून्य. शेवटी दर्ग्याच्या गल्लीतल्या हमिदाबीनं तोड काढली. एकटी राहणारी म्हातारी, मला लेकासारखं धरायची. ती म्हणाली, "बेटा, पळी नको. तू हात घाल. तुझा हात धुता येतोय. मय्यतवाल्या घरची पळी कशी धुनार?"

पुढं जवळजवळ सगळ्या गावानं तेच धरलं. मी बाहेर लोट्यानं हात धुवायचा, कोपरापर्यंत बाही सरकवायचा आणि रांजण ढवळायचा. पंधरा दिवसांत दीडशे घरं केली. बायका म्हणायच्या, उत्तरेश्वर मानूस चांगला, अंगचोरी न्हाय.

मे महिन्यात हमिदाबी तापानं गेली. तिच्या मय्यतीला मी गेलो होतो.

आणि मे महिन्यात कोरी रांग मेली नाही.

सातवा दिवस गेला, दहावा गेला. बारा उंदीर, बाराही टुणटुणीत. साहेबांनी जंतू पुन्हा तपासले, जोर होता. नवे बारा उंदीर घेऊन पुन्हा सगळं केलं. तेही जगले. साहेब पिंजऱ्यापुढं स्टूल टाकून बराच वेळ बसले आणि हळूच म्हणाले, "उत्तरेश्वर मियाँ, यांना कुनीतरी आधीच सांगावा दिलाय. आपल्या आधी… कुनी दिला?"

मला वाटलं ते धुरपदाबाईवर संशय घेतायत. मी तिच्यावर डाफरलो. ती आपली झाडत राहिली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेब जेवायला गेले होते तेव्हा, झाडू भिंतीला टेकवून माझ्यापुढं उभी राहिली.

"एक इचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुमी घरनं निघालात की ह्यांला कसं कळतंय?"

मला काही समजेना. तिनं सांगितलं ते असं. उंदीर दिवसा झोपतात, एकमेकांच्या अंगावर ढीग करून. पण गेला महिनाभर रोज सकाळी, मी यायच्या थोडं आधी, ते उठतात. सगळे. जाळीशी येतात आणि गावाच्या बाजूला तोंड करून बसतात. आणि मी दारातून आत येईपर्यंत ती तोंडं माझ्या वाटेबरोबर हळूहळू फिरत राहतात.

"पाणी मी देतो म्हणून," मी म्हणालो. "जनावराला वेळ कळते."

"मंगळवारी तुमी दुपारी आलात. मंगळवारी ते दुपारी उठलं." ती खाली बघत होती. "आनि पाण्याला उठलेलं जनावर हुंगतंय, नाक हालवतंय. ह्यांचं नाक हालत न्हाय. मिशी सुदिक न्हाय."

मी तिला हसलो. मग तिचं खोटं तिच्याच पदरात घालावं म्हणून मीच एक युक्ती काढली. तिला म्हणालो, तू आत थांब, दार लावून घे. मी बाहेर इमारतीला वळसा घालतो. उंदीर जिकडं तोंड करतील तिकडं जमिनीवर चुन्यानं रेघ ओढ. मी कुठं थांबलो ते मला ठाऊक, रेघा तुझ्याजवळ. मग बघू.

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, कावळासुद्धा नव्हता. मी पहिल्यांदा पश्चिमेच्या लिंबाखाली थांबलो आणि मनातल्या मनात शंभर मोजले. मग दक्षिणेला विहिरीच्या काठावर, तिथंही शंभर. मग मागं खंदकाच्या कडेला. तिथून आमच्या खोलीची पाठभिंत दिसते, हातभर जाडीची दगडी भिंत. तिच्याकडं बघत मी शंभर मोजत होतो आणि मधेच माझं मोजणं थांबलं. भिंतीपलीकडून कुणीतरी बघतंय असं मला स्पष्ट वाटलं. उरलेले आकडे न मोजताच मी परत फिरलो.

खोलीत शिरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. उंदरांच्या खोलीत नेहमी कुरतडण्याचा, भुसा खरवडण्याचा आवाज असतो, तो इतका सततचा की ऐकूच येत नाही. तो बंद होता. सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर जाळीशी बसले होते आणि त्यांची लाल डोळ्यांची तोंडं माझ्याकडं होती. मी डावीकडं दोन पावलं टाकली. तोंडं डावीकडं आली.

जमिनीवर रेघा होत्या. पश्चिमेला एक, दक्षिणेला एक, मागच्या भिंतीकडं एक. तिन्ही बरोबर. पण चौथीही एक होती, ईशान्येकडं गेलेली, आणि ती तिनं दोनदा ओढून ठळक केली होती.

"ही कसली? मी तिकडं गेलोच नाही."

धुरपदाबाईनं हातातला चुना खाली ठेवला. "तुमी हिरीवर होता तवा… निम्मे तुमच्याकडं वळले. निम्मे तिकडं."

"तिकडं काय आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती माझ्या घराच्या पलीकडच्याच आळीत राहायची. ईशान्येला काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी पळत सुटलो. भर दुपारी परंड्याच्या पेठेतून पळणारा माणूस बघून दुकानदार उठून उभे राहिले. घरी तुळजा उंबऱ्यावर बसली होती, गुडघ्यावर डोकं टेकून. मथुरा म्हणाली, "सकाळधरनं जेवली न्हाय. अंग तर गार हाय. लाड करतीय." मी तिच्या कपाळाला हात लावायला गेलो आणि का कोण जाणे, हात मधेच मागं घेतला. मथुरेनं लावला. अंग खरंच गार होतं.

ताप रात्री चढला आणि एकवीस दिवस राहिला.

तापाच्या नव्या कॅप्सूल तेव्हा परंड्यात मिळत नव्हत्या. त्या आणायला साहेब स्वतः सोलापूरला गेले, हे मी जिवात जीव आहे तोवर विसरणार नाही. परत आले ते सरळ माझ्या घरी. तुळजाला पहिली कॅप्सूल मथुरेकडून देववली आणि मला म्हणाले, "कचेरीत चला. बसून बोलू."

टेबलावर त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर फेरीनंतर ताप आलेली घरं, तेवीस. दुसरा माझ्याच हातचा, लाल औषधाच्या फेरीचा. ते एकेका नावावर बोट ठेवत गेले आणि मी बघत गेलो. तेवीसच्या तेवीस घरं माझ्या कागदावर होती. ज्या घरांतल्या बायकांनी मला दारातूनच परत लावलं होतं, त्या घरांत ताप नव्हता.

"तुम्हाला कधी लंबा ताप आला होता?"

"एकोणिसाव्या वर्षी. चाळीस दिवस."

त्यांनी मान हलवली. "ताप गेला. जंतू नाही गेला. पित्ताशयात घर करून राहतो कधी कधी. तुम्हाला काही करत नाही. तुमच्या हातानं बाहेर जातो." मग मागच्या खोलीकडं बोट करून म्हणाले, "आपल्या कोऱ्या रांगेला पाणी तुम्ही पाजत होते. थोडा थोडा जंतू रोज पोटात. सांगावा मिळत होता त्यांना."

माझ्या शौचाचा नमुना त्यांनी स्वतः बशीत लावला. तिसऱ्या दिवशी बशीत जंतूंचे ठिपके उगवले होते. मी सूक्ष्मदर्शकातून ते पाहिले. हमिदाबी मला आठवली, तिचं 'तू हात घाल' आठवलं, आणि मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. साहेबांनी मला रडू दिलं.

मग मी त्यांना चुन्याच्या रेघांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वहीत लिहिलं नाही. "वास असेल," ते म्हणाले. "जनावराला आजाराचा वास येतो." नंतर खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाले, "पन खंदकावरून… दगडातून…?" आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सोलापूरला माझं पित्ताशय काढलं. दोन महिने मी तिथंच होतो. इकडं बातमी फुटायची ती फुटलीच. विहिरीवर मथुरेला वेगळा रहाट दाखवला गेला. भाकरीचं पीठ कुणी उसनं घेईना की देईना. तुळजा बरी होऊन शाळेत गेली तर तिच्या बाकावर कुणी बसेना. पोरं तिला तापी म्हणायची. ज्या घरांत माणसं गेली होती त्या घरांवरून मथुरा मान खाली घालून जायची. चूक लोकांची नव्हती. माझ्या हातानं सहा माणसं गेली होती, त्यांनी काय मला ओवाळायचं होतं?

ऑगस्टमधे परत आलो. ओळीनं तीन नमुने स्वच्छ निघाले तर माणूस मोकळा, असा नियम होता. माझे तिन्ही स्वच्छ निघाले. साहेबांनी पाठ थोपटली. पण माझा जीव अडकला होता तो मागच्या खोलीत. दाराशी मी बराच वेळ उभा राहिलो, मग कडी काढली. आत कुरतडण्याचा आवाज चालू होता. उंदीर ढीग करून झोपले होते. मी पिंजऱ्याजवळ गेलो, जाळीवर टिचकी मारली. एकानं डोळे किलकिले केले आणि कूस बदलली. मला इतका आनंद झाला की मी धुरपदाबाईच्या पाया पडलो. ती लाजून बाहेर पळाली.

तुळजाचे नमुने तेव्हा चालूच होते. पहिला स्वच्छ, दुसरा स्वच्छ. तिसरा नमुना आणायच्या दिवशी ती माझी भाकरी घेऊन कचेरीत आली. साहेब उस्मानाबादेला गेले होते. पोरीनं हट्ट धरला, "आबा, पांढरे उंदीर बघू द्या की." इतक्या दिवसांनी ती काही मागत होती. मी म्हणालो, चल.

धुरपदाबाई आत भुसा बदलत होती. तिच्या हातातली पाटी तशीच राहिली, तेव्हा मी पिंजऱ्यांकडं बघितलं. उंदीर उठले होते. घाई नाही, धडपड नाही, झोपलेले एकेक करून उठले आणि जाळीशी येऊन बसले. आवाज थांबला.

"आबा, किती शहाणे आहेत हे!" तुळजा टाळ्या वाजवत म्हणाली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत गेली. पन्नास तोंडं तिच्याबरोबर त्या टोकाला गेली. माझ्याकडं एकानंही बघितलं नाही.

मी तिला घरी पाठवलं. धुरपदाबाई म्हणाली, "सायबाला सांगाय पायजे…"

"काय सांगायचं?"

ती पुन्हा भुसा पसरू लागली. दोन नमुने स्वच्छ आलेत, मी स्वतःला सांगत होतो. उंदीर म्हणजे पुरावा नव्हे. पण हा जंतू रोज बाहेर पडत नाही, दोनदा चुकवून तिसऱ्यांदा सापडतो, हे मलाच काय, तिथल्या बाटल्यांनाही ठाऊक होतं. आठ वर्षांची पोर. तिचंही पोट फाडायचं? जन्मभर तापी म्हणवून घ्यायचं? तिच्या हातचं पाणी कोण पिणार होतं, तिला कोण घर देणार होतं?

तिसरा नमुना मी बशीत लावलाच नाही. तो जाळून टाकला आणि वहीत लिहिलं, जंतू नाहीत. उंदीर दुसऱ्या दिवशी मारायचेच होते, मालिका संपली होती. मी ते त्याच दुपारी क्लोरोफॉर्म देऊन मारले. साहेब आले तेव्हा पिंजरे धुऊन उन्हात वाळत घातलेले होते. त्यांनी वही बघितली, तुळजाच्या नावापुढं सही केली आणि म्हणाले, "अल्लाचं मेहरबानी." मी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी राज्य बदललं, प्रयोगशाळा उठली, साहेब हैदराबादला गेले. मला तालुक्याच्या दवाखान्यात घेतलं. धुरपदाबाई जाऊन सात वर्षं झाली. ती मरेपर्यंत आमच्या घरी येत होती, सगळ्यांशी बोलत होती, पण तुळजानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं कधी घेतला नाही. तहान न्हाय, म्हणायची.

घरात मी काळजी घेतली. तुळजाला साबणाची इतकी सवय लावली की मथुरा कटकट करायची. पाणी उकळून प्यायचं हा आमच्या घरचा कायदा. बारा वर्षांत आम्हा दोघांना ताप आला नाही. मी हळूहळू विश्वास ठेवू लागलो की त्या दुपारी उंदीर उगाचच उठले. मागच्या साली मुरुमचं स्थळ आलं. अडतीचं दुकान, मोठं खटलं, दोन्ही वेळेला पंचवीस पानं उठतात. लोक भले. मी होकार दिला. मांडवात तिला बघून मला भरून आलं. पोरीनं काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं.

आज दुपारी तिचं पत्र आलं. मथुरेला वाचता येत नाही, पत्र मीच वाचून दाखवतो. ती भाजी निवडत समोर बसली. सासूबाईंनी स्वयंपाकघर सगळं तुळजाच्या हाती दिलंय, घरातले सगळे तिच्याच हातची भाकरी मागतात, हे ऐकून मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं मी थांबलो.

"पुढं वाचा की," मथुरा म्हणाली. "आनि काय लिवलंय?"

"एवढंच. खुशाल आहे."

कंदिलाजवळ बसून तुम्हाला हे सांगतोय. अजूनपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मुरुमला जायची पिशवी भरून ठेवलीय, सकाळची पहिली गाडी धरायची. तिथं सगळ्यांसमोर माझ्या पोरीबद्दल काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. मथुरेला मी जे वाचून दाखवलं नाही ते हे, तुम्हीच वाचा.

'…धाकट्या भाऊजींना नऊ दिवस ताप आहे, उतरत नाही. कालपासून वन्सं पण निजून आहेत. आबा, एक गंमत. इथं उंदीर फार आहेत, साधेच, काळे. पण मला बघून पळत नाहीत. दुपारी मी एकटी भाकरी थापत असले की बाहेर येतात आणि चुलीपुढं ओळीनं बसतात. परवा मी पाणी घ्यायला रांजणाकडं गेले तर बसल्या जागी सगळ्यांनी तिकडं तोंडं फिरवली. सासूबाई म्हणतात, सूनबाईचा पायगुण चांगला, घरातली जनावरंसुद्धा माणसाळली.'